पडाव मुखाबाहेर जाईपर्यंत

पडाव धक्क्यावरून सुटला तेव्हा माझी आई रडली नाही. ती मागे वळली आणि लुगडं सावरत घराकडे पळत सुटली. मला वाटलं, काहीतरी द्यायचं राहिलं असेल. पडाव नदीच्या मध्यावर आला तरी ती परत दिसेना. बाप त्याच पडावावर वल्ह्याला होता. मी रडवेला झालेला बघून म्हणाला, "तुजी भयण घरात एकटी आसा. केर काढूक घेतल्यान तर? आवस वाडवण लपवूक धावली."

वाडवण म्हणजे केरसुणी, आणि पडाव म्हणजे माणसं नेणारी मोठी होडी. आमच्या घेरवली बंदरात माणूस लांब जायला निघाला, की त्याचा पडाव नदीच्या मुखातून बाहेर पडेपर्यंत घरात केर काढायचा नाही. मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथं लाटा फुटतात. पडाव त्या लाटांतून पलीकडे, उभ्या आगबोटीकडे गेला, की टोकावरच्या देवळात गुरव घंटा वाजवायचा. मोठी घंटा. कुणी म्हणतं पोर्तुगीजांच्या गलबतावरची, कुणी म्हणतं तसं काही नाही. ती वाजली की पेठेतल्या, खारवीवाड्यातल्या बायका एकदम केरसुण्या उचलायच्या. ज्यांच्या घरचं कुणी गेलेलं नाही त्यासुद्धा तोवर थांबलेल्या असायच्या. मी आगबोटीच्या शिडीला हात घातला तेव्हा ती घंटा ऐकली. आई आता केर काढत असेल, एवढंच मनात आलं. मग वरून कोणीतरी ओरडलं, "चल रे, बघतोस काय!" आणि मी चढलो.

हे कशाला लिहितोय ते सांगतो. आपल्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस बाळा परब माझ्याकडे आला. आमच्याच चाळीत राहतो, सहार विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. म्हणाला, "काका, यंदा पुस्तिका काढतोय. बंदराचा इतिहास लिहा. तुमच्याएवढा जुना आता कोण उरलाय?" मी म्हटलं, "मेल्या, माझी शाळा चौथीपर्यंत." तो म्हणाला, "बोलता तसं लिहा, शुद्धलेखन मी बघतो." मी लिहायला बसलो तेव्हा माझा मुलगा मोहन मस्कतला जाऊन बरेच दिवस झाले होते आणि तो पोचल्याचा निरोप नव्हता. त्यामुळे इतिहास सरळ येणार नाही. मध्ये मध्ये मोहन येईल. चालवून घ्या.

घेरवली समुद्रावर नाही, हे आधी लक्षात घ्या. समुद्रापासून आत, नदीच्या वळणावर आहे. म्हणूनच तिथं बंदर झालं. पावसाळ्यात समुद्र खवळला तरी आत पाणी शांत. घाटावरून बैलांच्या पाठीवर गूळ, मिरची, तंबाखू यायची. समुद्रावरून मीठ, नारळ, मंगळुरी कौलं, खारवलेली मासळी यायची. दोन्हींची गाठ आमच्या धक्क्यावर पडायची. पेठेत भाटियांची वखार, कोमट्यांचं दुकान, जकातीची कचेरी, एक चहाचं हॉटेल. हॉटेलात घाटी बैलवाले एका बाकावर आणि खलाशी दुसऱ्या बाकावर. एकमेकांच्या अंगाच्या वासाला नाकं मुरडायची आणि एकाच बशीतून चहा प्यायचा. भरती आली की काम, ओहोटी लागली की झोप. बापाला घड्याळ कळत नव्हतं. आईला तो सांगायचा, "पाणी चढला काय जेवूक वाढ."

मग नदी भरत गेली. वरच्या डोंगरांवरची झाडं तुटली आणि माती पावसाबरोबर खाली आली. आधी मोठे मचवे आत यायचे बंद झाले, मग लहान. भरतीलासुद्धा पडाव चिखलात बसायचा आणि आम्हा पोरांना उतरून ढकलावा लागायचा. त्याचं आम्हाला हसू यायचं. बाप हसायचा नाही. पुढं वरच्या अंगाला पूल झाला, रस्ता आला, एसटी आली. लोकांनी एसटीला हार घातला. बापानेही घातला. घरी येऊन म्हणाला, "आता माझा काम काय?" आई म्हणाली, "घरात बस. लय वल्ही मारलास." तो बसला नाही. रोज धक्क्यावर जायचा आणि पाण्याकडे बघून परत यायचा. शेवटी आगबोटही बंद झाली, तेव्हा बाप राहिला नव्हता. बरंच झालं.

आज धक्क्याच्या दगडांतून तिवरं उगवली आहेत. वखारीत एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर मुक्काम करतात. जकातीच्या कचेरीत अंगणवाडी भरते. नदीत होड्या आहेत, पण त्या रेती काढतात. ती रेती ट्रकात भरून जाते आणि मुंबईत तिच्या बिल्डिंगी होतात. म्हणजे आपल्यासारखीच ती पण इकडे येते. ओहोटीला उघड्या पडलेल्या रेतीवर पोरं क्रिकेट खेळतात. जिथं माझा बाप वल्हं टेकवून तळ शोधायचा, तिथं स्टंप रोवलेले असतात.

पण केराची रीत गेली नाही. पडाव गेले तेव्हा बायकांनी एसटी धरली. देवळाच्या वरच्या वळणावर गाडी पोचली की ड्रायव्हर लांब हॉर्न देतो. नवा ड्रायव्हर असला तर त्याला आधी सांगून ठेवतात. हॉर्न झाला की केर.

आता वहिनीचं सांगतो. माझ्या थोरल्या भावाची बायको. धक्क्याजवळच्या आमच्या घरात ती एकटी राहते. माझा भाऊ कौलांच्या मचव्यावर खलाशी होता. एकदा तो मंगळुराकडे निघाला. मचवा मुखाबाहेर गेला, गुरवानं घंटा दिली, वहिनीनं केर काढला, सगळं रीतीनं झालं. मचवा पोचलाच नाही. फळ्यासुद्धा सापडल्या नाहीत. त्यानंतर वहिनीनं घंटेवरचा विश्वास सोडला. "घंटा मुखाची. फुडला कोण बघता?" असं म्हणते. तिच्या घरातून कोणी गेलं, की तो पोचल्याचा निरोप तोंडी येईपर्यंत ती केर काढत नाही. घंटा नाही, हॉर्न नाही. बायका नावं ठेवतात. ती ऐकत नाही. तिच्या घरातून जाणारे तरी कोण? मी, माझी आनंदी आणि मोहन. आम्ही मे महिन्यात जायचो आणि परतताना वहिनी दारात उभी राहून एकच सांगायची, "माणूस धाडून कळव."

आनंदी माझी बायको. लग्न करून तिला मुंबईला आणली ती त्याच मुखातून, त्याच आगबोटीनं. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर तिनं पहिलं विचारलं, "इथून माणूस बाहेर पडलेला कसं कळतं?" मला तिचं बोलणं समजलं नाही. मी गिरणीत होतो. आधी परळला खोलीत सोळाजण, मग घाटकोपरच्या डोंगरावर ही आपली खोली. पत्र्याची होती, मी भिंती घातल्या. आनंदीनं केराचं वहिनीकडून उचललं होतं, पण तिला अंदाज होता. मी गावी निघालो की ती मनाशी काहीतरी जुळवायची आणि शेजारणीला म्हणायची, "आता पनवेल सोडली. आता काढते." कशावरून, कोणास ठाऊक. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, कारण ती गेली आणि तिच्याबरोबर तो अंदाजही गेला.

गणपतीच्या आधी गेली. ताप डोक्यात चढला आणि तीन रात्रींत संपलं. त्यावर जास्त लिहिणार नाही. एक सांगतो. आम्ही तिला डोंगरावरून खाली घेऊन गेलो आणि मागे बायकांनी लगेच घर झाडलं, धुतलं. तीही रीतच आहे. जो परत येणार नाही त्याच्यामागून घर झाडतात. म्हणूनच तर जिवंत माणसामागून लगेच झाडायचं नसतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण स्मशानातून येऊन ओल्या लादीवर पाय ठेवला तेव्हा कळलं. आनंदी विंचरल्यावर केसांची गुंतवळ करून भिंतीच्या फटीत खोचायची. मी तिला हजारदा ओरडलो होतो. ती फटही साफ केली होती. मी विचारलं, "कोणी काढलं?" माझी सून सुलभा म्हणाली, "मी काढलं बाबा. सगळ्या म्हणाल्या काढ." मी तिला त्या दिवशी काही बोललो नाही. पण त्यानंतरही फार बोललो नाही.

सुलभा मुंबईची. माहेर चेंबूरला. घेरवलीला दोनदा आली तेव्हा दोन्ही वेळा तिला पित्त उठलं. केराच्या रीतीला हसायची. "आई, मग रोज कामावर जाणाऱ्यांचं काय? लोकलचा भोंगा ऐकायचा का?" असं आनंदीला म्हणायची. आनंदीही हसायची. मला राग यायचा. आता त्या दोघी हसायच्या हेच आठवतं.

संपात माझी गिरणी गेली. मोहनला तिथं लावून घ्यायचं मी ठरवलेलं, तेही गेलं. तो भांडुपला एका कारखान्यात वेल्डर झाला, तोही बंद पडला. मग आला मस्कतचा एजंट. चाळीतली दोन पोरं आधी गेलेली, त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर आलेला. पण दुसरीकडचं एक पोर एजंटानं असंच नेलं होतं आणि पासपोर्ट काढून घेऊन तिकडेच सोडून दिलं होतं, हेही आम्ही ऐकलेलं. मोहन म्हणाला, "बाबा, इथं राहून काय करू? भजी तळू?" मी म्हटलं, "तळ." तो म्हणाला, "तुम्ही बंदर सोडलंत तेव्हा आजोबा काय म्हणाले होते?" आजोबा काही म्हणाले नव्हते. त्यांनी वल्हं मारून मला आगबोटीपर्यंत पोचवलं होतं.

मी बाळाकडून गावी निरोप धाडला, की मोहन विमानानं देशाबाहेर चाललाय. वहिनीला सांगितलंच पाहिजे होतं. तिनंच त्याला मांडीवर खेळवलेला.

मोहन निघाला त्या सकाळी डोंगराखाली एजंटाची जीप आली. पोरांनी भरलेली, घरच्यांना जागा नाही. मोहनची मुलगी पिंकी, तीन वर्षांची, त्याच्या पँटीला धरून बसली. सुलभानं तिची बोटं एकेक करून सोडवली. मोहन मला वाकला आणि म्हणाला, "दुपारी दोनचं विमान. पोचलो की वाण्याकडे फोन करतो." खाली वाण्याच्या दुकानात फोन आहे, चाळीचे सगळे फोन तिथं येतात. जीप वळणावरून गेली. मी वर आलो तर सुलभाच्या हातात झाडू. सवयीनं घेतलेला.

"ठेव तो खाली!" मी ओरडलो.

पिंकी रडायला लागली. सुलभानं झाडू भिंतीला लावला. म्हणाली, "बाबा, विमान कुठल्या मुखातून बाहेर पडतं ते तरी सांगा. तोवर थांबते." चिडवत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. मलाही माहीत नव्हतं ना. पडावाचं मुख कळतं, एसटीचं वळण कळतं. विमान बाहेर गेलं कधी म्हणायचं?

पण आमच्या डोंगरावरून विमानं जातात. एवढी खालून जातात, की पत्रे थरथरतात आणि बोलणं थांबवावं लागतं. मी जेवलो नाही. ओट्यावर उभा राहिलो. दोन वाजले, थोडे वर झाले, आणि एक मोठं विमान आवाज करत डोक्यावरून गेलं. डोंगराच्या कडेपलीकडे उतरत उतरत दिसेनासं झालं. मी खांद्यावरचा पंचा काढून हलवला. आतमध्ये ओरडलो, "गेला! बाहेर गेला! काढ आता केर." आणि मला झाडूचा आवाज आला. खर्र खर्र, बराच वेळ. मी ओट्यावर बसलो आणि पहिल्यांदा पाणी प्यायलो. वाटलं, आनंदी असती तर तिलाही हेच जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी नळावर बाळा परब भेटला. मी त्याला सांगितलं, मोहनचं विमान बघितलं, डोक्यावरून गेलं. बाळा हसला. "काका, आपल्या डोक्यावरून जातात ती उतरणारी. पोटाखालची चाकं बाहेर आलेली दिसत नाहीत? जाणारी तिकडून, जुहूवरून समुद्रावर जातात."

मी म्हटलं, "सगळी?"

"बहुतेक सगळी. आणि काल मस्कतचं लेट होतं. संध्याकाळी उडालं. सामान मीच चढवलं."

बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. मागची बाई शिव्या घालत होती. मी दुसऱ्या कोणाच्या तरी येण्याला पंचा हलवला होता, आणि मोहन अजून जमिनीवरच बसलेला असताना त्याच्यामागून घर झाडायला लावलं होतं. आनंदीच्या मागून झाडलं तसं.

तुम्ही म्हणाल, म्हातारा खुळा झाला. केर काढल्यानं विमान पडतं का? पडत नाही, मला कळतं. मी गिरणीत मशिनवर आयुष्य काढलेला माणूस आहे. पण निरोप येईना. पहिले दोन-चार दिवस वाटलं, फोन लागत नसेल. मग वाण्याच्या दुकानाच्या फळीवर मी दिवसभर बसायला लागलो. तो म्हणायचा, "काका, तुम्ही बसलात तर गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा नाही." मी सरकून बसायचो. फोन वाजला की उठायचो. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा, कुणाची बदली. मोहन नाही. एजंटाच्या हापिसात गेलो तर कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "सुट्टीवर असेल." कुणी सुट्टीवर जाताना पाटी काढून नेतो का?

रात्री डोळे मिटले की वाळूचा दांडा दिसायचा आणि त्यावर मचवा आडवा. मचव्यात भाऊ असायचा, मग मोहन असायचा. मी सुलभाला यातलं काही सांगितलं नाही. ती गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, पिंकीनं सांडलेला भात, बिस्किटाचा चुरा फडक्यानंच गोळा करायची. मला मोतीबिंदू आहे, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं दिसत नाही. मला वाटलं, शहरातल्या पोरींची नाटकं. झाडू असताना गुडघे कशाला झिजवायचे?

एका रविवारी मी चपला घातल्या. सुलभा म्हणाली, "कुठं?"

"जुहूला."

"जुहूला काय आहे?"

"विमानं जातात ती बघायची आहेत."

तिनं माझ्याकडे बघितलं, पिंकीला फ्रॉक घातला आणि म्हणाली, "चला." वाटेत तीनदा बस बदलली. पिंकी ओकली. जुहूच्या वाळूत भेळवाले, घोडे, फुगे, गर्दी. आम्ही पाण्याजवळ जाऊन उभे राहिलो. तास-दीड तासात दोन-चार विमानं गेली. मागून आवाज यायचा, मग ते आमच्यावरून समुद्राकडे जायचं, चाकं आत घेतलेली, नाक वर. लहान होत जायचं. मी डोळे ताणून बघत राहिलो, की आता दांडा ओलांडला असं कुठं म्हणायचं. तिथं दांडा नाही. लाटा फुटण्याची जागा नाही. नुसतं धुरकट आभाळ, आणि विमान त्यात कधी नाहीसं झालं ते कळतच नाही.

तिथं मी सुलभाला सांगितलं. उतरणारं विमान बघितलं, तुला चुकीच्या वेळी झाडायला लावलं, मोहन तेव्हा इथंच होता. म्हातारा माणूस फुगेवाल्यांसमोर रडतोय, पिंकी बघतेय.

सुलभा म्हणाली, "बाबा, मी झाडलंच नव्हतं."

"मी आवाज ऐकला."

"बाहेरचा बोळ झाडला. शेजारच्यांच्या दारापर्यंत झाडला. आत नाही झाडलं. अजून नाही."

मी विचारलं, "का? तू तर हसायचीस."

ती वाळूत पायानं रेघा ओढत होती. "आई गेल्या त्या दिवशी माझ्या हातात झाडू दिला. सगळ्या म्हणाल्या, काढ. मी काढला. ती केसांची गुंतवळ निघेना, ती बोटांनी ओढून काढली. तुम्ही आलात आणि विचारलंत कोणी काढलं. त्यानंतर रोजचं झाडत होते, रोजचं वेगळं. पण हे गेले आणि तुम्ही म्हणालात काढ, आणि हात आत वळेना." मग नाक ओढून म्हणाली, "आता घर उकिरडा झालाय. तुम्हाला दिसत नाही म्हणून बरं."

मी पिंकीला भेळ घेतली. तिखट लागली म्हणून तिनं अर्धी सांडली. परत येताना बसमध्ये मी सुलभाला विचारलं, गुडघे दुखतात का. म्हणाली, "दुखणार नाहीत तर काय?" आनंदी गेल्यानंतर आम्ही दोघं एवढं सलग बोललो ते त्या दिवशी.

फोन आला तो शुक्रवारी. वाण्याचा पोऱ्या डोंगराखालूनच ओरडत आला, "काका! फॉरेन!" सुलभा पिंकीला तशीच टाकून माझ्यापुढं धावली. मी पोचलो तोवर ती फोन कानाला लावून नुसती "हां, हां" करत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी. मग माझ्याकडे दिला. मोहनचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"बाबा, बरा आहे. कँप लांब आहे, वाळवंटात. फोन नाही. आज सुट्टी म्हणून गावात आलो."

"पासपोर्ट?"

"कंपनीकडे आहे. सगळ्यांचाच असतो." मग म्हणाला, "वेल्डिंगचं काम अजून दिलं नाही. सध्या पाइपासाठी चर खणतोय. देतील."

"खणतोस?"

"बाबा, पैसे पडतायत मशिनमध्ये. सुलभाला सांगा, घर झाडा आता."

तो हसला. मला त्याच्या हसण्यात त्याची आई ऐकू आली, आणि फोन तुटला. वाणी म्हणाला, "पोचला ना? मग रडता कशाला?" त्याला काय सांगणार, की पोचला, पण कुठं पोचला ते कळत नाही. पासपोर्ट दुसऱ्याच्या पेटीत आणि वेल्डर चर खणतोय. माझी काळजी संपली नाही. तिला फक्त पत्ता मिळाला.

सुलभानं केर काढला. कपाटाखालून, खाटेखालून, सगळा. ढीग एवढा निघाला, की शेजारीण विचारायला आली, घर सोडताय का म्हणून. आम्ही दोघं हसलो.

इथं मला लिखाण संपवायचं होतं. पण काल बाळा परब गावाहून आला. पुस्तिकेसाठी देवळाचे फोटो काढायला गेला होता. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "काका, तुमची वहिनी भेटली. काय घर केलंय हो तिनं! पाय ठेवायला जागा नाही. सुपारीच्या सालींपासून चुलीच्या राखेपर्यंत. मी म्हटलं, काकी, आजारी आहेस का? तर मला म्हणते, 'झील पोचलो काय नाय ता माका कोणी सांगूक नाय. माणूस धाड म्हणान सांग भिकूक.'"

झील म्हणजे पोरगा, आमचा मोहन. भिकू म्हणजे मी. मोहनचा फोन आला त्या आनंदात मी सगळ्या चाळीला सांगितलं, वाण्याला सांगितलं, वहिनीला कळवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ती म्हातारी एवढे दिवस एकटी त्या कचऱ्यात बसून आहे, मोहन वाटेवरच आहे असं समजून. मी म्हटलं, "अरे, मग तू का नाही सांगितलंस? तुला माहीत होतं की!"

"मी सांगितलं. ती म्हणाली, तू परबाचा. घरचा माणूस येऊ दे."

बाळा म्हणाला, पत्र टाका. वहिनीला वाचता येत नाही आणि पोस्टमननं वाचून दाखवलेलं ती मानणार नाही. पोस्टमननंच एकदा तिला माझा भाऊ सुखरूप असल्याचं अफवेवरून सांगितलं होतं.

म्हणून उद्या सकाळच्या एसटीनं मी निघतो. बाळा, हे कागद आजच तुझ्याकडे देतो. मंडळाला माझं एक सांगणं लिही. यंदा गावच्या वेशीवर कमान बांधायची म्हणता. कमान नको. देवळात टेलिफोन घ्या. जे कोणी गेलेत, कांदिवलीला असोत नाहीतर कुवेतला, त्यांना पोचल्याचं सांगता येईल आणि बायकांना केर काढता येईल.

आज सुलभा माझी पिशवी भरत होती. धोतर, गोळ्या, वहिनीसाठी साखर. मी म्हटलं, आता चार महिने तिथंच राहीन म्हणतो. आनंदी गेल्यापासून हे डोक्यात होतंच. मोहनचं मार्गी लागलं की घरी जायचं, धक्क्यावर बसायचं, संपलं. आयुष्यभर घरी जायचं म्हणजे घेरवलीला जायचं, दुसरं काही आम्ही बोलतच नव्हतो.

सुलभा पिशवीचा बंद आवळत म्हणाली, "पोचलात की कळवा."

"कसं कळवू? तिथं फोन नाही. माणूस कोण येणार आहे लगेच?"

तिनं बंदाला आणखी एक गाठ मारली. मग म्हणाली, "मग तुमच्या वहिनींना सांगा आणि लगेच परत या. पिंकी दिवसाला किती सांडते, तुम्हाला ठाऊक आहे. मला पुन्हा गुडघ्यावर नाही जमायचं."

मी चार महिन्यांचं पुन्हा काढलं नाही. पिशवीतलं एक धोतर काढून दोरीवर परत टाकलं.